टोल्यूइन बदललं आणि व्हायटनचं सील पुन्हा पुन्हा फुगायला लागलं: हॅन्सनच्या तीन आकड्यांनी कारण कसं शोधायचं

ग्रॅव्ह्युअर आणि फ्लेक्सो छपाईत, शाई बनवणाऱ्या युनिटमध्ये, लॅमिनेशनच्या लाइनवर ही तक्रार फिरून फिरून येते. शाईच्या पंपाला नवीन सील बसवलं की आठ-पंधरा दिवस सुरळीत जातात. मग शाफ्टपाशी ओल दिसते, मग थेंब सुरू होतात. पंप उघडला तर ओ-रिंग, म्हणजे सीलमधली गोल रबरी कडी, खोबणीबाहेर फुगून आलेली असते, नखाने दाबली तर खड्डा पडतो, आणि एका कडेने उंदराने कुरतडावी तशी तिची कड उडालेली असते. स्टोअरमधून पुन्हा व्हायटनचीच रिंग येते, या वेळी जास्त किमतीची. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

रिंग कमी दर्जाची होती असं धरून बसलात तर ही गळती कधीच थांबणार नाही. रिंगचा दर्जा बहुतेक वेळा चांगलाच असतो. चुकलेली असते ती रबराची जात, आणि ती चुकली सॉल्व्हंट बदलला त्या दिवशी.

खाद्यपदार्थांच्या पॅकिंगवर वापरायच्या शाईसाठीचं भारतीय मानक आयएस १५४९५ हे २०२० साली सुधारलं गेलं आणि त्यात टोल्यूइन या सॉल्व्हंटला मनाई आली. निर्णय योग्यच होता. त्यानंतर टोल्यूइनच्या जागी इथाइल ॲसिटेट, एन-प्रोपिल ॲसिटेट आणि सोबत आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असं मिश्रण आलं. शाईची रेसिपी बदलली, वाळण्याचा वेग जुळवून घेतला, छपाईचे नमुने पास झाले. पंपातली रबरं मात्र टोल्यूइनच्या काळातलीच राहिली. टोल्यूइनमध्ये व्हायटन, म्हणजे एफकेएम रबर, चांगलं टिकतं. इथाइल ॲसिटेटमध्ये तेच रबर मूळ आकारमानाच्या दुपटीपलीकडे फुगू शकतं.

एकच आकडा पाहिला तर फसगत होते

सॉल्व्हंट आणि रबर यांचं जमेल का, हे ठरवायला पूर्वी हिल्डेब्रँडचा एकच आकडा वापरत. द्रवाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, त्याचं ते माप. दोन पदार्थांचे आकडे जवळ आले की ते एकमेकांत मिसळतात किंवा एक दुसऱ्याला फुगवतो, असा नियम. एकक मेगापास्कलचं वर्गमूळ.

आता हे पाहा. टोल्यूइनचा हा आकडा १८.२. इथाइल ॲसिटेटचाही १८.२. एकाच आकड्यावर भिस्त ठेवली तर हे दोन सॉल्व्हंट म्हणजे जुळे भाऊ, एकाच्या जागी दुसरा बिनधास्त घाला. प्रत्यक्षात ईपीडीएम रबर टोल्यूइनमध्ये फुगून निकामी होतं आणि इथाइल ॲसिटेटमध्ये बऱ्यापैकी तग धरतं. व्हायटनचं नेमकं उलट.

चार्ल्स हॅन्सन यांनी १९६७ साली कोपनहेगनमध्ये केलेल्या कामात हा आकडा तीन भागांत फोडला. पहिला भाग डी, म्हणजे सगळ्याच रेणूंमध्ये असलेलं विखुरण बल. दुसरा पी, ध्रुवीय ओढ. तिसरा एच, हायड्रोजन बंध. तिघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की जुना एकच आकडा परत मिळतो. खाली प्रत्येक सॉल्व्हंटपुढे डी, पी, एच याच क्रमाने आकडे आहेत:

टोल्यूइन: १८.०, १.४, २.०
इथाइल ॲसिटेट: १५.८, ५.३, ७.२
एन-प्रोपिल ॲसिटेट: १५.३, ४.३, ७.६
एमईके (मिथाइल इथाइल कीटोन): १६.०, ९.०, ५.१
ॲसिटोन: १५.५, १०.४, ७.०
आयपीए: १५.८, ६.१, १६.४
इथेनॉल: १५.८, ८.८, १९.४
हेक्झेन: १४.९, ०, ०

टोल्यूइनची जवळजवळ सगळी ताकद डीमध्ये आहे. इथाइल ॲसिटेटची ताकद तिन्ही खात्यांत वाटलेली आहे. बेरीज तीच, माणूस वेगळा.

व्हायटनच्या साखळीत फ्लोरिनच्या शेजारी बसलेले हायड्रोजन किंचित धनभारित असतात. कीटोन (एमईके, ॲसिटोन) आणि एस्टर (ॲसिटेट) यांच्यातल्या कार्बोनिलचा, म्हणजे कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला, ऑक्सिजन त्यांना येऊन चिकटतो आणि साखळ्या दूर सारतो. टोल्यूइनकडे असा ऑक्सिजनच नाही. म्हणून एमईके, ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट ही सगळी मंडळी व्हायटनची वैरी आहेत. जास्त फ्लोरिन असलेला महाग ग्रेड घेतला तर मिथेनॉलमिश्रित इंधनात फायदा होतो, पण कीटोन आणि हलक्या एस्टरपुढे तोही टिकत नाही. परचेसकडून "सुधारित व्हायटन" असा पर्याय आला तर पहिला प्रश्न हाच विचारा.

अंतर काढायची रीत

प्रत्येक रबराचेही असेच तीन आकडे असतात, शिवाय चौथा म्हणजे त्रिज्या. तीन आकड्यांना जागेतला एक बिंदू समजा. त्या बिंदूभोवती त्रिज्येएवढा गोल काढा. ज्या सॉल्व्हंटचा बिंदू गोलाच्या आत पडतो, तो त्या रबराला फुगवतो. बाहेर पडतो, तो सहसा फुगवत नाही.

अंतराचा वर्ग असा काढायचा: डीमधल्या फरकाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणा, पीमधल्या फरकाचा वर्ग त्यात मिळवा, एचमधल्या फरकाचा वर्ग मिळवा. मग वर्गमूळ घ्या आणि त्याला त्रिज्येने भागा. आलेला भागाकार १ पेक्षा कमी असेल तर सॉल्व्हंट आत, जास्त असेल तर बाहेर. तो ४ चा गुणक विसरला जातो आणि मग अंतर कमी भरतं, बाहेरचे सॉल्व्हंटही आत दिसायला लागतात. एक्सेलमध्ये सूत्र घातलं की खालच्या उदाहरणावर ते तपासून घ्या.

नायट्राइल रबराच्या हायकार १०५२ या ग्रेडचे आकडे १८.६, ८.८, ४.२ आणि त्रिज्या ९.६ असे आहेत. त्यावर इथाइल ॲसिटेट लावू.

डीचा फरक २.८, वर्ग ७.८४, चौपट ३१.३६. पीचा फरक ३.५, वर्ग १२.२५. एचचा फरक ३.०, वर्ग ९. बेरीज ५२.६१, वर्गमूळ ७.२५. भागिले ९.६, उत्तर ०.७६. आत.

याच रीतीने टोल्यूइन ०.८१, ॲसिटोन ०.७३, एमईके ०.५५ येतं. हेक्झेन १.२८ आणि आयपीए १.४३, म्हणजे दोन्ही बाहेर.

व्हायटन फुगलं म्हणून नायट्राइल लावून पाहण्याचा उपाय अनेक ठिकाणी केला जातो. तो का फसतो हे या आकड्यांतच आहे. नायट्राइलच्या गोलात टोल्यूइनही आत आहे आणि इथाइल ॲसिटेटही. एमईके तर त्या गोलात या सगळ्यांपेक्षा खोल बसतं.

एक सावधगिरी. नायट्राइल म्हणजे एक पदार्थ नव्हे. त्यातलं ॲक्रिलोनायट्राइल साधारण १८ ते ५० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं, आणि ते जितकं जास्त तितका पीचा आकडा वर सरकतो. वर घेतलेला आकडा त्या एका ग्रेडचा आहे. ०.५ आलं तर विषय संपला, १.८ आलं तरी संपला. पण ०.८ ते १.२ या पट्ट्यात उत्तर आलं तर ते उत्तर समजू नका. तिथे बरणीतली चाचणीच करायची.

दोन निरुपद्रवी सॉल्व्हंट मिळून घात करतात

मला या पद्धतीचा सगळ्यात मोठा उपयोग इथे वाटतो, कारण कंपॅटिबिलिटीचे तक्ते सगळे सुट्या सॉल्व्हंटचे असतात आणि पंपातून कायम मिश्रण वाहत असतं.

मिश्रणाचे तीन आकडे काढायला प्रत्येक घटकाचा आकडा त्याच्या आकारमानाच्या हिश्श्याने गुणून बेरीज करायची. वजनाच्या टक्क्यांनी करू नका, सॉल्व्हंटच्या घनता वेगळ्या असतात.

हेक्झेन आणि आयपीए निम्मे-निम्मे घ्या. मिश्रण १५.३५, ३.०५, ८.२. नायट्राइलपासूनचं अंतर ९.५६, भागाकार १.०. एकटं हेक्झेन १.२८, एकटं आयपीए १.४३, आणि दोघं मिळून थेट उंबरठ्यावर. कारण सरळ आहे: हेक्झेन गोलाच्या एका बाजूला बाहेर उभं आहे, आयपीए दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना जोडणारी रेषा गोलाला घासून जाते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांचं जे होतं, तेही हेच. रबराच्या चाचणीसाठी पेट्रोलऐवजी आयसोऑक्टेन आणि टोल्यूइन यांचं निम्मं-निम्मं मिश्रण वापरतात. वरच्याच नायट्राइलसाठी त्याचा भागाकार १.०५ येतो, इथेनॉलचा १.६९. त्या मिश्रणात २० टक्के इथेनॉल घातलं की तो ०.८७ वर उतरतो. उसाच्या मळीपासून आलेलं इथेनॉल एकटं या रबराला फार त्रास देत नाही. पेट्रोलमध्ये गेलं की देतं.

म्हणून शाईच्या रेसिपीत "थोडं आयपीए वाढवलं" असा बदल झाला तरी गणित पुन्हा करावं लागतं. डिस्टिलेशन करून परत मिळवलेला सॉल्व्हंट वापरत असाल तर प्रत्येक बॅचचं प्रमाण थोडं हलतं, त्यामुळे दोन टोकांची प्रमाणं घेऊन दोन्ही तपासा.

रिंग हातात घेऊन काय काय कळतं

नवीन रिंग बसवण्यापूर्वी जुनी फेकू नका. काढल्याबरोबर झाकणाच्या काचेच्या बाटलीत टाका, कारण उघड्यावर अर्ध्या तासात इथाइल ॲसिटेट बरंच उडून जातं आणि पुरावाही त्याच्यासोबत जातो.

रिंग मऊ, फुगलेली आणि कड कुरतडलेली असेल, आणि गळती पंप चालू असताना होत असेल, तर सॉल्व्हंट रबरात शिरलंय. हे वरच्या गणिताचं प्रकरण.

गळती साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला होते आणि तासाभरात आपोआप कमी होते, असं असेल तर गोष्ट वेगळी. सॉल्व्हंटने रबरातलं प्लास्टिसायझर धुऊन नेलेलं असतं. चालू असताना सॉल्व्हंट त्याची जागा भरून काढतं, त्यामुळे रिंग बरोबर बसते. सुट्टीत पंप कोरडा पडला की सॉल्व्हंट उडतं आणि रिंग मूळ मापापेक्षा आक्रसते. अशी रिंग वाळल्यावर कडक आणि चपटी होते. नायट्राइलमध्ये हे फार दिसतं. अशा वेळी ग्लँड (शाफ्टभोवती सील दाबून धरणारा भाग) आवळत राहिल्याने काही साधत नाही.

रिंग फुगलेली नाही, पण कडक होऊन तिला बारीक आडव्या भेगा पडल्यात आणि ती व्हायटनची आहे, तर शाईत किंवा ॲडिटिव्हमध्ये अमाइन आहे का ते पाहा. अमाइन व्हायटनशी रासायनिक क्रिया करतं. हॅन्सनचे आकडे फक्त मिसळण्याबद्दल बोलतात, अशा क्रियेबद्दल काहीही सांगत नाहीत. आम्ल-अल्कलीने होणारं नुकसान, पाण्याने होणारं विघटन हेही त्यांच्या कक्षेबाहेर.

रिंग नक्की कशाची आहे हे माहीत नसेल तर रंगावर जाऊ नका. काळी रिंग नायट्राइल, ईपीडीएम, व्हायटन यांपैकी काहीही असू शकते, आणि तपकिरी म्हणजे व्हायटनच असा काही नियम नाही. न वापरलेल्या रिंगची घनता काढा: हवेतलं वजन भागिले, हवेतलं वजन वजा पाण्यात बुडवून केलेलं वजन. १.८ च्या वर आलं तर व्हायटन. नायट्राइल १.२ ते १.३ च्या आसपास आणि ईपीडीएम थोडं खाली असतं, पण या दोघांत फिलरमुळे गल्लत होते. जाळून ओळखायची जुनी सवय इथे सोडाच. व्हायटन जळताना हायड्रोजन फ्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसाला आणि डोळ्यांना गंभीर इजा करतो. जळालेल्या व्हायटनचा चिकट अवशेषही उघड्या हाताने शिवायचा नाही.

बरणीतली चाचणी

पद्धत आयएस ३४०० भाग ६ आणि आयएसओ १८१७ मध्ये दिलेली आहे. कारखान्यात ती अशी करता येते.

एकाच लॉटच्या तीन रिंगा घ्या. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येकीचं हवेतलं आणि पाण्यातलं वजन करा. पाण्यात डिटर्जंटचा एक थेंब टाका, नाहीतर बुडबुडे चिकटून आकडा चुकतो. रिंगा पुसून, वाळवून काचेच्या बरणीत टाका. झाकणाला आतून टेफ्लॉन किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा हवा, रबरी बूच चालणार नाही. सॉल्व्हंट रिंगांच्या एकूण आकारमानाच्या किमान १५ पट घ्या, आणि ते ड्रममधलं शुद्ध सॉल्व्हंट नको, पंपातून जातं तेच मिश्रण हवं. रिंगा एकमेकींना किंवा काचेला चिकटून राहणार नाहीत अशा तारेवर टांगा. २४ तास, ७२ तास आणि ७ दिवसांनी काढून गाळण कागदाने टिपा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत झाकणाच्या वजन-बाटलीत टाकून वजन करा.

आता इथे एक चूक इतकी सर्रास होते की जरा सविस्तर सांगतो. वजनातली वाढ आणि आकारमानातली वाढ एक नव्हे. समजा व्हायटनची रिंग १.४८० ग्रॅमची होती, ती १.७७६ झाली. वाढ २० टक्के. "वीसच टक्के, चालेल" असा शेरा पडतो. पण व्हायटनची घनता १.८५ धरली तर रिंगचं मूळ आकारमान ०.८०० घन सेंटिमीटर. आत शिरलेलं इथाइल ॲसिटेट ०.२९६ ग्रॅम, त्याची घनता ०.९०, म्हणजे ०.३२९ घन सेंटिमीटर. आकारमानातली वाढ ४१ टक्के! व्हायटन जड आहे म्हणून वजनाचा आकडा नेहमी कमी दिसतो. वजनाच्या टक्क्यांना रबराच्या घनतेने गुणून सॉल्व्हंटच्या घनतेने भागा, मग खरा आकडा मिळतो. ७ दिवसांनंतर पाण्यातलं वजनही घेतलं तर हे ताडून पाहता येतं.

४१ टक्क्यांचा खोबणीत अर्थ काय? ३.५३ मिमी जाडीच्या रिंगचा छेद ९.८ चौरस मिमी. २.८ खोल आणि ४.८ रुंद खोबणीचा छेद १३.४. सुरुवातीला खोबण ७३ टक्के भरलेली असते, बाकी जागा फुगण्यासाठीच मोकळी सोडलेली. रिंगची लांबी खोबणीत अडकलेली असल्यामुळे वाढ छेदातच होते आणि तो १३.८ वर जातो. खोबणीत मावत नाही एवढा. मग रबर फटीतून बाहेर सरकतं आणि शाफ्टच्या हालचालीत तेवढी कड कापली जाते. तुम्हाला दिसलेली ती कुरतडलेली कड हीच.

हलत्या सीलमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फुगलेलं रबर आम्ही बाद धरतो. स्थिर जोडात, खोबणीत जागा असेल तर, २५ ते ३० पर्यंत चालवून घेता येतं. शिवाय शोअर ए (रबराच्या कडकपणाची मोजपट्टी) वर कडकपणा मोजा. तो १५ अंकांनी उतरला असेल तर आकारमान ठीक असूनही ती रिंग दाब धरणार नाही.

७ दिवसांनंतर रिंगा हवेशीर जागी वाळवा आणि वजन स्थिरावलं की पुन्हा तोला. मूळ वजनापेक्षा कमी भरलं तर तेवढा भाग धुऊन गेलाय, म्हणजे सुट्टीनंतरची गळती ठरलेली. वाळवण्यासाठी साधा विजेचा ओव्हन अजिबात वापरू नका. इथाइल ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, उणे ४ अंश सेल्सिअस आहे. बंद ओव्हनमध्ये जमलेली वाफ एका ठिणगीत पेटते.

२४ तासांचा निकाल पाहून घाईने पास करू नका. रबरात सॉल्व्हंट शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. साडेतीन मिमीची रिंग एका दिवसात जिथे पोहोचते, तिथे सात मिमीची चार दिवसांनी पोहोचेल. आणि मे महिन्यात शेडमध्ये चाळिशी गाठलेली असते, तेव्हा हे सगळं आणखी लवकर होतं. भागाकार हा शेवट सांगतो, वेळ सांगत नाही. मिथेनॉल, ॲसिटोनसारखे छोटे रेणू झपाट्याने शिरतात, मोठे रेणू सावकाश.

मग बसवायचं काय

ॲसिटेट आणि आयपीएच्या मिश्रणाला, जर त्या पंपात टोल्यूइन, झायलीन, हेक्झेन किंवा खनिज तेल कधीही जाणार नसेल, तर पेरॉक्साइडने क्युअर केलेलं ईपीडीएम परवडणारं आणि बऱ्यापैकी टिकणारं आहे. स्थिर जोडात तर नक्कीच. हलत्या सीलसाठी बरणीतला आकडा पाहूनच ठरवा. बसवताना पेट्रोलियम जेली किंवा साधं ग्रीस लावू नका, ईपीडीएम त्यातच फुगतं. सिलिकॉन ग्रीस वापरा, तेही पुसट, कारण शाईत सिलिकॉन गेलं तर छपाईवर माशाच्या डोळ्यांसारखे डाग उठतात.

फ्लँज आणि झाकणांना टेफ्लॉनच्या आवरणातली गॅस्केट किंवा एफईपी या टेफ्लॉनच्याच जातीच्या प्लास्टिकच्या पातळ कवचातली ओ-रिंग उत्तम. कवचाला ओरखडा जाऊ देऊ नका. आतला गाभा व्हायटनचा किंवा सिलिकॉनचा असतो, ओरखड्यातून सॉल्व्हंट शिरलं की आतून फुगून कवच फाडतो. फिरत्या शाफ्टवर ही रिंग लावायची नाही. तिथे मेकॅनिकल सीलमध्ये टेफ्लॉनची वेज किंवा परफ्लुओरो रबर, म्हणजे एफएफकेएम. ते फार महाग आहे, पण एका पंपाच्या एका जागेपुरतं पाहिलं तर बंद लाइनच्या तासांपुढे ती किंमत लहान ठरते. टेफ्लॉन कशात फुगत नसलं तरी दाबाखाली हळूहळू वाहतं. म्हणून बसवल्यावर दुसऱ्या दिवशी बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळावे लागतात.

हवेवर चालणाऱ्या डायफ्रॅम पंपात टेफ्लॉन डायफ्रॅम लावला की मागच्या रबरी बॅकअपकडे कोणी पाहत नाही. टेफ्लॉनमधून थोडं सॉल्व्हंट झिरपतंच. बॅकअपही त्याच मिश्रणाला चालणारा घ्या.

एवढं करूनही परत फुगलं तर

वॉश-अप, म्हणजे पंप धुण्याचं सॉल्व्हंट, काय वापरता ते पाहा. बहुतेक वेळा घोडं इथेच अडलेलं असतं. चालू सॉल्व्हंटप्रमाणे ईपीडीएम लावलं, आणि शिफ्टच्या शेवटी पंप धुतला बाजारातल्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने. त्या थिनरमध्ये टोल्यूइन, एस्टर, कीटोन, मिथेनॉल काय वाटेल ते, आणि प्रत्येक खेपेला वेगळं. रात्रभर पंपात उरलेलं अर्धा लिटर थिनर ईपीडीएमला पुरतं. धुण्यासाठी शाईतलंच ॲसिटेट वापरा, आणि पंप भरलेला न ठेवता निचरा करा.

याच बदलात आणखी दोन गोष्टी बिघडतात, आणि त्या गळतीपेक्षा गंभीर आहेत.

पहिली हातमोजे. टोल्यूइनच्या काळापासून चालत आलेले निळे पातळ नायट्राइल मोजे इथाइल ॲसिटेट, एमईके, ॲसिटोन यांपुढे काही मिनिटंच टिकतात. मोजा फाटत नाही, रंग बदलत नाही, पण आतल्या बाजूने सॉल्व्हंट त्वचेपर्यंत पोहोचलेलं असतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्स मोज्यावर १९९६ च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे मोजके थेंब पडले. मोजा धड होता. १९९७ च्या जूनमध्ये त्या गेल्या. आपली सॉल्व्हंटं तेवढी जहाल नाहीत, पण मोज्यातून झिरपण्याची रीत तीच आहे. ॲसिटेट आणि कीटोनला ब्यूटाइल रबराचे मोजे घ्या. टोल्यूइनला ते चालत नाहीत. दोन्ही हाताळायचं असेल तर अनेक थरांचे लॅमिनेट मोजे, आणि पकड यावी म्हणून वरून नायट्राइल. पातळ नायट्राइल फक्त शिंतोड्यापुरतं धरा, उडालं की लगेच काढून टाका.

दुसरी हवेच्या लाइनवरच्या फिल्टरचा पारदर्शक पॉलिकार्बोनेट बाउल. त्यावर आतून हवेचा दाब असतो, म्हणजे प्लास्टिक आधीच ताणलेलं असतं. ताणलेल्या प्लास्टिकला पूर्ण विरघळवण्याची गरज नसते. नुसत्या वाफेनेही त्यात केसासारख्या भेगा पडतात, आणि एक दिवस बाउल फुटून तुकडे उडतात. भागाकार १ च्या थोडा बाहेर असलेला सॉल्व्हंटही हे करू शकतो, त्यामुळे इथे हॅन्सनच्या गोलावर विसंबू नका. शाईच्या खोलीत धातूचा बाउल लावा किंवा किमान धातूची जाळी तरी चढवा. सॉल्व्हंटच्या फडक्याने तो बाउल पुसणं आजपासून बंद करा.

आणि इथाइल ॲसिटेट टोल्यूइनपेक्षा लवकर पेटतं, हे लाइनवरच्या प्रत्येकाला माहीत हवं. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश, याचा उणे ४, एमईकेचा उणे ९ च्या आसपास. रबर जुळलं म्हणजे सॉल्व्हंट सुरक्षित झालं असं नाही. ड्रम, पंप आणि ट्रे यांची अर्थिंगची क्लिप प्रत्येक वेळी उघड्या धातूवर लागली आहे का, रंगावर तर नाही ना, हे ओतण्याआधी हात लावून पाहा.

पंपाच्या बॉडीवर एक पत्र्याची पाटी ठोका: कोणतं मिश्रण, कोणतं वॉश-अप, सील कोणत्या रबराचं, बरणीतल्या चाचणीत किती टक्के फुगलं, तारीख. रेसिपी बदलली की पाटी बदलेपर्यंत पंप सुरू करायचा नाही.